नियमांची पोथी आणि भिन्न रुची

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरतमुनींनी प्रेक्षकांच्या आवडीनिवडींचा विचार केला आहे. तरुणांना शृंगार रुचतो, विद्वानांना सिद्धान्तचर्चा, धनार्थ्यांना अर्थविषयक प्रसंग, विरक्तांना मोक्षाचा विषय, शूरांना वीर आणि रौद्र, वृद्धांना पुराणकथा. कालिदासाने मालविकाग्निमित्रात नाट्याचार्याच्या तोंडी 'भिन्नरुचि' हा शब्द घातला, तोही याच संदर्भात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: नाटक एक आणि प्रेक्षक अनेक. रुची प्रेक्षकाची, संहिता कवीची. दोहोंची गाठ पडते ती रंगमंदिरात, आणि पडली नाही तर दोष कोणाचा यावर वाद घालायला टीकाकार मोकळे असतात.

आता अशा एका प्रकाराची कल्पना करावी की, ज्यात प्रेक्षकच नट असतो, नटच बऱ्याच अंशी कवी असतो, आणि संहितेच्या जागी असते नियमांचे पुस्तक. तिथे भिन्नरुचीचा प्रश्न कोणते रूप घेईल? ही कल्पना आमची नव्हे. टेबलाभोवती बसून खेळला जाणारा 'रोलप्लेइंग गेम' हा प्रकार अमेरिकेत १९७४ साली छापील रूपात आला, आणि त्यानंतरची पाचेक दशके त्याचे खेळाडू व नियमकर्ते याच प्रश्नावर भांडत आले आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याने या भांडणाकडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. अर्थनिर्णयाचा अधिकार लेखकाचा की वाचकाचा, हा आपल्या परिचयाचा वाद तिथे फाशांनिशी खेळला गेला आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-सहा माणसे एकत्र बसतात. त्यांपैकी एक जण पंच होतो. भोवतालचे जग, त्यातली माणसे, संकटे, हवामान हे सारे त्याच्या ताब्यात असते. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि 'मी दार ढकलतो', 'मी राजाला खोटे सांगतो' अशी त्या पात्राची कृती बोलून दाखवतात. कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि खेळ वर्षानुवर्षे चालू शकतो. फासे केव्हा टाकायचे, किती टाकायचे आणि पडलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे नियमांच्या पुस्तकात असते. किंवा नसते. या 'नसते'ला पुढे फार महत्त्व येणार आहे.

या खेळाचे पूर्वज प्रशियाच्या सैन्यात सापडतात. १८२४ साली रायस्वित्स नावाच्या तरुण लेफ्टनंटाने वडिलांच्या एका खेळावरून युद्धाभ्यासाचा नवा खेळ सिद्ध केला. त्यात नकाशा होता, सैन्याचे ठोकळे होते, फासे होते, हानीची कोष्टके होती आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच होता. नियम इतके काटेकोर की डाव पुढे सरकता सरकेना. अखेर १८७६ साली फेर्दी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने फासे आणि कोष्टके दूर सारून सगळा निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवला. एका बाजूस नियमबद्ध युद्धखेळ आणि दुसऱ्या बाजूस मुक्त युद्धखेळ, असे दोन पंथ तेव्हाच पडले. पुस्तकावर विश्वास ठेवायचा की माणसावर, हा तो मतभेद होता. अमेरिकन लष्करी लेखक चार्ल्स टॉटन याने १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगॉस' हा ग्रंथ लिहिला. त्याची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिनेसोटाच्या डेव्हिड वेझ्ली या तरुणाच्या हाती लागली. खेळाडूने काहीही करू पाहावे आणि निकाल पंचाने द्यावा, ही कल्पना त्याला तिथे मिळाली. १९६९ साली त्याने 'ब्राउनश्टाइन' हा डाव मांडला. त्यात सैन्याच्या जोडीला गावातल्या माणसांच्या भूमिकाही वाटून दिल्या होत्या. खेळाडू लढाई विसरून आपसांत कुजबुजू लागले, कट करू लागले. डाव फसला असे वेझ्लीला वाटले; खेळाडू मात्र पुन्हा कधी मांडणार म्हणून त्याच्या मागे लागले. नियमकर्त्याच्या हेतूला खेळणाऱ्यांच्या रुचीने दिलेला हा पहिला धक्का म्हणता येईल.

वेझ्लीच्या मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने ही रीत 'ब्लॅकमूर' या कल्पित प्रदेशात नेली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावच्या गॅरी गायगॅक्सने जेफ पेरेनसोबत मध्ययुगीन युद्धखेळाचे 'चेनमेल' हे नियम १९७१ मध्ये प्रसिद्ध केले होते. या दोन धारांच्या संगमातून १९७४ च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडले. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची.

या पुस्तिका आज वाचल्या तर त्यांचा विस्कळितपणा नजरेत भरतो. महत्त्वाच्या बाबी गृहीत धरलेल्या, क्रम अनाकलनीय, लढाईसाठी दुसरे पुस्तक पाहा अशी सूचना. ज्याने हा खेळ कुणाच्या तरी शेजारी बसून पाहिला नव्हता, त्याला तो निव्वळ वाचून खेळता येणे कठीणच होते. मग व्हायचे ते झाले. प्रत्येक गावात, प्रत्येक विद्यापीठात लोकांनी रिकाम्या जागा आपापल्या परीने भरल्या. वोल्फगांग ईझर या जर्मन समीक्षकाचा 'वाचनाची क्रिया' हा ग्रंथ १९७६ चा. संहितेतल्या रिकाम्या जागा वाचकाला कामाला लावतात, असा त्याचा एक मुख्य विचार आहे. ईझरसमोर अर्थातच कादंबऱ्या होत्या. पण त्याच वर्षांत अमेरिकेतली महाविद्यालयीन मुले एका सदोष नियमग्रंथावर नेमका हाच प्रयोग करीत होती. त्यांनी जागा भरल्या त्या एकसारख्या भरल्या नाहीत, आणि रुचिभेद प्रथम उघडा पडला तो तिथे.

याचा पुरावा अजून उपलब्ध आहे. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी जून १९७५ मध्ये 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे सामायिक नियतकालिक सुरू केले आणि जवळजवळ पन्नास वर्षे चालवले. लिहिणाऱ्याने आपापली पाने पाठवायची, संपादकाने ती एकत्र टाचून सर्वांना धाडायची, अशी ही विज्ञानकथाप्रेमींच्या वर्तुळातली जुनी पद्धत. त्यामुळे युद्धखेळ खेळणारे आणि विज्ञानकथा वाचणारे असे दोन निराळे समाज एकाच पानांवर भेटले, आणि 'तुम्ही खेळता तो आमचा खेळच नव्हे' हे वाक्य निरनिराळ्या स्वरांत उमटू लागले. इतिहासकार जॉन पीटरसन यांनी 'द इल्युसिव्ह शिफ्ट' (२०२०) या पुस्तकात हे वाद खणून काढले आहेत. पुढच्या काळातले बहुतेक सिद्धान्त सत्तरच्या दशकातच कोणी ना कोणी मांडून गेले होते, हे त्यातून दिसते.

रुची नियमात कशी उतरते हे समजण्यासाठी एका लहानशा आकड्यापाशी थांबणे इष्ट होईल. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये प्रत्येक पात्राला 'हिट पॉइंट' असतात. त्यांना आपण प्राणांक म्हणू. घाव बसला की ते कमी होतात; मूळ नियमांत शून्याला पोचले की पात्र मरे. पात्र अनुभवी होत गेले की हे प्राणांक वाढतात. परिणामी आठव्या पातळीचा योद्धा तलवारीचे सात-आठ घाव अंगावर घेऊन उभा राहतो, नवखा एका घावात आडवा होतो. ज्याला डावपेच हवेत त्याला ही सोय उत्तम वाटते. किती धोका पत्करायचा याचा हिशेब मांडता येतो, माघार घ्यायला वेळ मिळतो. ज्याला जगाचा खरेपणा हवा तो मात्र विचारतो की, अनुभवाने माणसाचे मांस जाड होते काय? गायगॅक्सने १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात उत्तर दिले की, हे आकडे केवळ शरीराचे नव्हेत. त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा हे सारे आले. युक्तिवाद चतुर आहे, पण शंका घेणाऱ्याचे त्याने समाधान झाले नाही.

समाधान व्हावे म्हणून दुसरे पुस्तक लिहावे लागले. १९७८ चा 'रूनक्वेस्ट' हा स्टीव्ह पेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पेरिन मध्ययुगीन शस्त्रविद्येचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळातले. चिलखत घालून घाव दिले-घेतलेले. त्यांच्या नियमांत योद्धा अनुभवी झाला तरी त्याचे प्राणांक वाढत नाहीत. वाढते ते वार अडवण्याचे कौशल्य. घाव कोणत्या अवयवावर बसला हेही फासे सांगतात. कौशल्य वापरले तर त्यापुढे खूण करायची आणि साहस संपल्यावर ते सुधारले का हे फाशावर पाहायचे; म्हणजे जो पोहतो तो पोहण्यात तरबेज होतो. याउलट डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळे, आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीने राक्षस मारण्याचे गुण पुष्कळच घटवले होते. वाचकांनी क्षणभर विचार करावा: लढाईत प्राण जाण्याची भीती, गुण मात्र खजिन्याला. शहाणा खेळाडू काय करील? तो लढाई टाळील, राक्षसाला चकवील, खजिना घेऊन पळेल. पुस्तकात कुठेही 'धूर्तपणे वागा' असे लिहिलेले नाही. बक्षीस कशाला आहे एवढेच लिहिले आहे. त्यातून नायकाचे शील घडते. कथाशास्त्राच्या अभ्यासकांनी या साध्या हिशेबाकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही.

याच 'ग्रेहॉक'मधला आणखी एक नियम आम्हांस बोलका वाटतो. त्या पुरवणीत 'चोर' हा नवा पात्रवर्ग आला आणि त्याच्याबरोबर टक्केवारीचे कोष्टक आले: कुलूप उघडण्याची शक्यता इतकी, सावलीत दडण्याची इतकी, निःशब्द चालण्याची इतकी. तोपर्यंत कोणीही दबकत चालू शके. खेळाडू कसे चालतो ते सांगे, पंच विचार करून निकाल देई. कोष्टक आल्यावर ज्याच्यापाशी ते नाही त्याला दबकता येत नाही, असा अर्थ अनेकांनी काढला. एका पात्राला दिलेले सामर्थ्य बाकीच्यांच्या हातून काढून घेतल्यासारखे झाले. रिकामी जागा भरली की ती जागा जाते, एवढे साधे ते आहे.

दरम्यान रुचीगणिक पुस्तके निघत राहिली. मूळ नियम समजत नाहीत म्हणून ॲरिझोनाच्या केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्ये नुसत्या षट्कोनी फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' केला. ज्यांना सरंजामी समाजरचना तिच्या उतरंडीसकट हवी होती त्यांच्यासाठी कॅनडातल्या एडमंटनहून 'शिव्हल्री अँड सॉर्सरी' (१९७७) आला. 'कॉल ऑफ क्थुलू' (१९८१) मध्ये तर पात्राचे मनोबल सतत घसरत जाते. तिथे सज्ञान होणे म्हणजेच वेडाकडे सरकणे. आणि गायगॅक्स? १९७४ च्या पुस्तिकांनी वाचकाला आपले आपण ठरवायला सांगितले होते. पुढे धंदा वाढला, स्पर्धा भरू लागल्या, आणि त्याच लेखकाने 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीच्या (१९७७–७९) निमित्ताने एकसूत्रीपणाचा आग्रह धरला. मनाजोगते फेरफार कराल तर तो खेळ आमचा नव्हे, असा त्याचा सूर होता. मुक्तछंदाचा पुरस्कर्ता पाठ्यपुस्तक मंडळावर जाऊन बसावा तसे हे झाले.

१९८० च्या ऑक्टोबरात 'डिफरंट वर्ल्ड्स' मासिकाच्या दहाव्या अंकात बॉस्टनच्या परिसरातले खेळाडू ग्लेन ब्लॅको यांचा एक लेख आला. त्यांनी खेळण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या: भूमिकेत शिरणे, युद्धकौशल्य, अहंकाराची तुष्टी आणि कथा सांगणे. कोणतीही तऱ्हा शुद्ध स्वरूपात सापडत नाही, प्रत्येक मंडळ या चौघांचे कमीअधिक मिश्रण असते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढल्याच वर्षी जेफ्री जॉन्सन यांनी त्याच मासिकात या चौकडीला दोन अक्षांवर बसवून आलेख केला. ब्लॅको यांचा हेतू तह घडवण्याचा होता असे लेख वाचताना जाणवते. दोन मंडळांचे पटत नसेल तर त्यांच्यातला कोणी मूर्ख नाही. त्यांना निरनिराळ्या गोष्टी हव्या आहेत, एवढेच. मात्र तिसऱ्या तऱ्हेचे नाव पाहावे. 'अहंकाराची तुष्टी' हे वर्णन नव्हे, ही टीप आहे. वर्गीकरण करणारा स्वतः कोणत्या खान्यात बसू इच्छित नाही, हे त्याच्या नामकरणावरून ओळखावे. भरतमुनींच्या यादीतही हास्य आणि चमत्कारिक वेषभूषा यांची आवड कोणाच्या पदरी टाकली आहे, हे जिज्ञासूंनी पाहावे: स्त्रिया, मुले आणि अडाणी माणसे!

येथवर रुची खेळणाऱ्याची होती. पुस्तक कोणतेही असो, मंडळ आपल्या रुचीप्रमाणे ते वाकवी. नव्वदच्या दशकात हे समीकरण फिरू लागले. १९९१ मध्ये मार्क राइन-हागेन यांचा 'व्हँपायर: द मास्करेड' आला आणि त्याने उघडपणे कथेचा झेंडा उभारला. त्याचा पंच हा पंच नव्हेच, कथेकरी होता. मानवता गमावत चाललेल्या रक्तपिपासू जीवाची आंतरिक शोकांतिका, हे त्याचे वचन होते. त्याच वर्षी एरिक वुजिक यांनी 'अँबर'मध्ये फासेच काढून टाकले. १९९५ च्या 'एव्हरवे'त जोनाथन ट्वीट यांनी निकाल लावण्याचे तीन मार्ग सांगितले: पात्राची मुळातली कुवत, पत्त्यातून उमटलेले नशीब आणि कथेची गरज. पैकी पहिल्याला त्यांनी नाव दिले 'कर्म'. मराठी वाचकाला येथे हसू येईल. पण कमावलेली कुवत एका बाजूस आणि दैव दुसऱ्या बाजूस, ही मांडणी आपल्या 'दैव की पुरुषार्थ' या वादापासून फार दूर नाही.

१९९७ मध्ये युजनेटवरील एका चर्चेत मेरी कूनर यांनी त्रिविध प्रतिमान मांडले: नाट्य, खेळ आणि अनुकरण. येथे अनुकरणाचा अर्थ कल्पित जगाचे त्याच्याच कार्यकारणांनुसार चालणे असा घ्यावा. ब्लॅको यांच्याहून हे वर्गीकरण सूक्ष्म आहे, कारण ते माणसांचे नाही, निर्णयांचे आहे. एक उदाहरण आम्ही आमच्या मनचे घेतो. दरोडेखोर पूल ओलांडून गेले आहेत आणि नायकांची टोळी उशिरा पोचते. पंचाने काय करावे? अनुकरणवादी म्हणेल, उशीर झाला तर झाला. ते निघून गेले. खेळवादी विचारील, खेळाडूंना न्याय्य संधी मिळाली होती का? नाट्यवादी म्हणेल, दरोडेखोरांचा घोडा लंगडा करा, सामना पुलावरच होऊ द्या. तिघांचे म्हणणे रास्त आहे, आणि एकाच रात्री एकाच पंचाला तिन्ही पाळता येत नाहीत. कथेच्या सोयीसाठी जग वाकवणे ज्यांना खटकत होते, त्यांच्या रुचीला या मांडणीने प्रथमच सन्मानाचे नाव मिळाले. या क्षेत्राला पुरुषांचा अड्डा म्हणण्याची प्रथा आहे. पण त्यातली चर्चा ज्यांच्यामुळे टिकली आणि तिला जे शब्द मिळाले, त्यांत ली गोल्ड आणि कूनर या दोघींचा वाटा मोठा आहे.

मग रंगमंचावर आले रॉन एडवर्ड्स. शिक्षणाने ते जीवशास्त्रज्ञ, आणि जातिप्रजातींचे वर्गीकरण हा त्या शास्त्राचा जुना छंद. १९९९ च्या निबंधात त्यांनी सांगितले की नियमव्यवस्थेने फरक पडतो. 'चांगला पंच असला की कोणतेही पुस्तक चालते' या तोवरच्या समजुतीला हा थेट विरोध होता. २००१ च्या विस्तृत निबंधात त्यांनी कूनर यांची त्रयी घेतली, पण 'नाट्य' या खान्याचा अर्थ बदलून टाकला. गोष्ट छान व्हावी म्हणून पंचाने सूत्रे हलवणे त्यांना नको होते. हंगेरीत जन्मलेले नाट्यशिक्षक लायोश एग्री यांच्या नाट्यलेखनावरील पुस्तकातून (१९४६) त्यांनी 'प्रेमिस' ही संज्ञा उचलली. नाटकाच्या मुळाशी एक नैतिक प्रतिज्ञा असते, असे एग्री म्हणतात. एडवर्ड्स यांनी प्रतिज्ञेचा प्रश्न केला, आणि त्याचे उत्तर खेळाडूंनी खेळता खेळता, पात्रांच्या कृतीतून द्यायचे असे ठरवले. पंचाला शेवट आधी ठाऊक असेल तर ते उत्तरच नव्हे.

यातून त्यांनी कठोर निष्कर्ष काढला. तिन्ही रुची परस्परविरोधी आहेत. म्हणून सर्वांना खूश करू पाहणारे पुस्तक विसंगत असते आणि टेबलावर भांडणे लावते. 'व्हँपायर' हे त्यांचे आवडते उदाहरण. वचन शोकांतिकेचे, पण पानेच्या पाने अतिमानवी शक्तींच्या आणि लढाईच्या कोष्टकांची. शिवाय नियम कथेच्या आड आले तर मोडा ही मुभा. आमच्या मते त्यांचे हे निरीक्षण अचूक होते. पण २००६ मध्ये त्यांनी पुढे जाऊन असे लिहिले की, अशा खेळांवर वाढलेल्यांची कथा समजण्याची क्षमताच दुखावली गेली आहे. आणि त्यासाठी मेंदूच्या इजेची भाषा वापरली. गदारोळ उठला, आणि तो उठायलाच हवा होता. तह घडवण्यासाठी जन्मलेली वर्गवारी पंचवीस वर्षांत निदानाचे हत्यार होऊन बसली होती.

सिद्धान्तातली दुसरी त्रुटी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. 'अनुकरण' हा तिसरा खाना एडवर्ड्स यांच्या हाती अडगळीची खोली झाला. स्पर्धा नाही आणि नैतिक प्रश्नही नाही, असे जे काही उरले ते त्यात. ज्याला ऐतिहासिक तपशिलाची ओढ आहे, ज्याला आवडत्या कादंबरीच्या जगात नुसते वावरायचे आहे, ज्याला केवळ दुसऱ्याचा आवाज काढून बोलायचे आहे, ते सगळे एका छपराखाली. ज्या खान्यात बहुसंख्य खेळाडू कोंबावे लागतात तो खाना चुकीचा आखलेला असतो.

आणि तरी या मंडळातून जी लहान लहान पुस्तके निघाली, ती सिद्धान्तापेक्षा कितीतरी सरस होती. व्हिन्सेंट बेकर यांचे 'डॉग्ज इन द व्हिनयार्ड' (२००४) घ्यावे. एकोणिसाव्या शतकातल्या युटाशी साम्य असलेला, पण पूर्णपणे कधीच अस्तित्वात नसलेला एक धर्मनिष्ठ प्रदेश. खेळाडू म्हणजे गावोगाव फिरून पापाचा निवाडा करणारे तरुण धर्मरक्षक, कमरेला बंदूक. वाद सुरू झाला की दोन्ही बाजू आपले सगळे फासे आरंभीच टाकतात, सर्वांना दिसतील असे. मग दोन-दोन फासे पुढे सरकवून एकाने म्हणणे मांडायचे, दुसऱ्याने ते पेलायचे. फासे संपत आले आणि हार दिसू लागली तर एक वाट असते: शब्दांवरून हातघाईवर या, नवे फासे मिळतील. तेही संपले? बंदूक काढा, आणखी मिळतील. समजा, समोर आपलाच भाऊ आहे आणि तो व्यभिचाराची कबुली देत नाही. दोन फासे कमी पडत आहेत. आता काय करणार? पंचाने येथे निवाडा देऊ नये असे पुस्तकच बजावते. एग्रीचा नैतिक प्रश्न येथे निबंधातून उतरून हाताच्या तळव्यावर येतो, आणि तोही अंकगणिताच्या रूपात. रूनक्वेस्टच्या चाहत्याला हे फासे अर्थशून्य वाटतील, कारण ते ना बळ मोजतात ना वेग. ते मोजतात ती माणसाची आपल्या म्हणण्यासाठी किंमत मोजायची तयारी.

बाजाराने दरम्यान आपले उत्तर शोधले होते. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे हक्क १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे गेले. १९९९ च्या त्यांच्या पाहणीतही खेळाडूंचे गट पडले, पण निष्कर्ष एडवर्ड्स यांच्या उलट निघाला: गट निराळे असले तरी पायाभूत अपेक्षा समान आहेत, तेव्हा एकच पुस्तक सर्वांना पुरवावे. रॉबिन लॉज यांनी २००२ च्या आपल्या पुस्तिकेत पंचाला सल्ला दिला की, खेळाडूंचे प्रकार ओळखा आणि प्रत्येकाला त्याचा घास भरवा. हा सल्ला पुढे चौथ्या आवृत्तीच्या (२००८) पंचग्रंथातही विस्ताराने आला. पण त्या आवृत्तीचे नियम डावपेचांकडे इतके झुकलेले होते की जुन्या चाहत्यांचा मोठा वर्ग २००९ च्या 'पाथफाइंडर'कडे निघून गेला. पंचाला सर्वांशी गोड वागायला सांगणारे प्रकरण आणि एका रुचीचे लाड करणारी कोष्टके एकाच संचात नांदली, तर खेळाडू कोष्टकांवर विश्वास ठेवतात.

त्याच वर्षी, २००८ मध्ये, मॅट फिंच यांची जुन्या पद्धतीच्या खेळाची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका आली. तिचे सूत्र असे की, नियमांपेक्षा पंचाचा निवाडा मोठा. चोराचे कोष्टक नको. कसे दबकता ते बोला. या चळवळीने १९७४ च्या पुस्तिकांच्या रिकाम्या जागा दोष म्हणून नव्हे, गुण म्हणून वाचल्या. अलीकडे तिच्या एका शाखेने तर फेर्दी द्यू व्हेर्नुआच्या मुक्त युद्धखेळाचेच नाव धारण केले आहे. मात्र हा निवाडा करणारा पंच शहाणा असेल हे गृहीतच आहे. प्रशियाचा पंच प्रत्यक्ष युद्धाचा जाणता होता. शहाण्णव पानी वहीत भुयार आखणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला तो अनुभव कोठून यावा? लहरी पंचाच्या हाताखाली खेळलेल्यांनाच छापील नियमाचे मोल कळते. तिथे नियम ही दुर्बळाची ढाल असते. नियमांची आवड असणाऱ्यांना हिशेबी किंवा कल्पनाशून्य म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने सर्व पंथांना एका मांडवात आणण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक पात्राच्या पानावर ध्येय, नाते आणि दोष लिहायची जागा ठेवली. आपल्या दोषाला जागून, प्रसंगी नुकसान सोसून वागणाऱ्या खेळाडूला पंचाने 'प्रेरणा' द्यावी, आणि तिच्या बळावर त्याने पुढे एका अवघड प्रसंगी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यावा, असा नियम केला. प्राणांकांच्या आणि तलवारींच्या पुस्तकात कथेच्या रुचीला दिलेली ही छोटी खोली. पुष्कळ मंडळांत पंच ही प्रेरणा द्यायलाच विसरत. २०२४ मध्ये सुधारलेल्या खेळाडूग्रंथात प्रेरणा आहे; पण पार्श्वभूमीच्या नियमांतून ध्येय, नाते आणि दोष यांची कोष्टके गेली आहेत, आणि पात्र मानववंशाचे असेल तर रात्रभराच्या विश्रांतीनंतर ती त्याला आपोआप मिळते.